विक्काचं हर्मेटिक घराणं

जेराल्ड गार्डनर यांचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक १९५४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. त्याला प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. मरे मूळच्या इजिप्तविद्येच्या अभ्यासक. पण १९२१ मध्ये त्यांनी एक वेगळंच प्रमेय मांडलं होतं. युरोपात चेटकिणी ठरवून ज्यांना फासावर चढवलं किंवा जाळलं, ती माणसं ख्रिस्तपूर्व काळापासून गुपचूप चालत आलेल्या एका धर्माची अनुयायी होती, असं ते प्रमेय. गार्डनर त्याच्या पुढे गेले. तो धर्म अजून मेलेला नाही, दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्ट भागात त्याची एक मंडळी टिकून आहे आणि १९३९ मध्ये आपल्याला तिथे दीक्षा मिळाली, असं ते सांगत. आज ज्याला विक्का म्हणतात तो देवी-देवांची पूजा आणि जादू करणारा पंथ असा जगासमोर आला.

मरे यांचं प्रमेय आता कोणताही जबाबदार इतिहासकार मानत नाही. नॉर्मन कोन यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की, मरे यांनी खटल्यांतल्या जबान्या उद्धृत करताना त्यातले उघड अशक्य भाग गाळले होते आणि उरलेला मजकूर खऱ्या सभांचं वर्णन म्हणून वापरला होता. रोनल्ड हटन यांनी १९९९ मध्ये आधुनिक विक्काचा सविस्तर इतिहास लिहिला आणि हा पंथ विसाव्या शतकातल्या इंग्लंडातच घडला, हे कागदोपत्री मांडलं. तरीही दुकानांत मिळणाऱ्या विक्काच्या पुस्तकांत 'जुना धर्म' हे बिरुद कायम आहे. पहिल्या प्रकरणात अश्मयुगातली देवी येते, दुसऱ्यात चेटकिणींचा छळ, तिसऱ्यात गार्डनर. मधली हजारो वर्षं एका उडीत पार होतात.

त्या उडीत जे हुकतं, त्याबद्दल मला लिहायचं आहे. विक्कातली देवदेवतांची कल्पना आणि जादूची समज कुठल्याशा खेड्यातल्या सुईणीकडून आलेली नाही. ती हर्मेटिक तत्त्वज्ञानातून आली आहे: अलेक्झांड्रियाच्या ग्रीक बोलणाऱ्या जगातून, मेडिची घराण्याच्या फ्लॉरेन्समधून, व्हिक्टोरियन लंडनमधल्या एका दीक्षामंडळातून. विक्काने ही वंशावळ उघडपणे सांगावी, असं माझं मत आहे. ती झाकून ठेवल्याने इतिहासाची हानी होते तशी विक्काचीही होते, आणि विक्काची जास्त होते.

हर्मेटिक ग्रंथ म्हणजे रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये, साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत, ग्रीकमध्ये लिहिले गेलेले संवाद. ग्रीकांचा हर्मीस आणि इजिप्तचा लेखनाचा देव थोथ यांच्या मिलाफातून 'त्रिवार थोर हर्मीस' हा गुरू उभा राहिला. विश्व कसं झालं, माणूस त्यात कसा आला, त्याने परत कसं जावं, हे तो आपल्या शिष्यांना सांगतो. १४६०च्या सुमारास लिओनार्दो दा पिस्तोइया नावाच्या साधूने मॅसिडोनियातून या ग्रंथांचं एक हस्तलिखित फ्लॉरेन्सला आणलं. म्हातारा कोसिमो दे मेडिची तेव्हा मार्सिलिओ फिचिनोकडून प्लेटोचं भाषांतर करून घेत होता. प्लेटो बाजूला ठेव आणि हे आधी कर, असं त्याने सांगितलं. १४६३ मध्ये भाषांतर पुरं झालं, पुढच्या वर्षी कोसिमो वारला. एवढी घाई कशासाठी? कारण हा हर्मीस मोझेसच्या काळातला ऋषी आहे, प्लेटोचं ज्ञानही मुळात त्याचंच, अशी समजूत होती. सिएनाच्या कॅथीड्रलमध्ये १४८८च्या सुमाराची एक फरशी आहे. तिच्यावर हर्मीसचं चित्र आहे आणि खाली तो मोझेसचा समकालीन असल्याचं कोरलेलं आहे.

१६१४ मध्ये आयझॅक कसोबाँ या भाषापंडिताने ही समजूत मोडली. या ग्रंथांची ग्रीक उशिराची आहे, त्यातले शब्दखेळ भाषांतरात उतरणं शक्य नाही, त्यात मोझेसच्या कितीतरी नंतर होऊन गेलेल्या फिडियस या ग्रीक शिल्पकाराचा उल्लेख येतो. मग हे मोझेसच्या काळचं कसं? कसोबाँचा काळनिर्णय आजही टिकून आहे. पण गंमत वाटण्यापेक्षा विचार करायला लावणारी गोष्ट ही की, त्यानंतर हर्मेटिक ग्रंथ मेले नाहीत. लोक ते वाचत राहिले. पुढे १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादी इथे कॉप्टिक भाषेतल्या पोथ्या सापडल्या. त्यांत काही हर्मेटिक लेखन निघालं आणि या परंपरेत खऱ्या इजिप्शियन पूजाविधींचा अंश आहे, हेही विद्वानांना नव्याने पटलं. म्हणजे कसोबाँ तारखेबाबत बरोबर होता, पण तारीख कळल्याने ग्रंथ निकालात निघाला नाही.

विक्काच्या बाबतीत हेच पुन्हा घडलं आहे. मरे म्हणजे विक्काची सिएनाची फरशी, हटन म्हणजे त्याचे कसोबाँ. ज्या परंपरेतून विक्का निघाला, ती आधीच एकदा या परीक्षेतून पार पडलेली आहे. विक्कांना भ्यायचं कारण नाही.

आता देवांकडे येऊ. हर्मेटिक ग्रंथांपैकी 'अस्क्लेपियस' हा संवाद आज मुख्यतः लॅटिनमध्ये उपलब्ध आहे. त्यातला एक भाग युरोपला शतकानुशतकं बोचत राहिला. हर्मीस तिथे सांगतो की, परमेश्वर जसा स्वर्गातल्या देवांचा कर्ता, तसा माणूस देवळातल्या देवांचा कर्ता आहे. मूर्ती घडवायच्या, वनस्पती, दगड, सुगंधी द्रव्यं आणि स्तोत्रं यांच्या योगाने त्यांत देवत्व उतरवायचं, हे माणसाचं सर्वांत थोर कौशल्य. प्राणप्रतिष्ठा पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. सेंट ऑगस्टिनला मात्र बसला. त्याने 'देवाचं नगर' या ग्रंथात या उताऱ्यावर कडाडून हल्ला चढवला.

विक्काच्या विधींत सर्वांत गाभ्याचा विधी कोणता असेल, तर चंद्र खाली उतरवण्याचा. वर्तुळात पुजारी पुजारिणीसमोर उभा राहून देवीला तिच्या देहात येण्याचं आवाहन करतो. मग पुजारीण देवी म्हणूनच बोलते. 'चार्ज ऑफ द गॉडेस' हे देवीचं भाषण गार्डनर यांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंट यांनी १९५०च्या दशकात आजच्या रूपात आणलं. आपल्याकडच्या वाचकाला इथे अंगात येणं आठवेल आणि साम्य आहेही. पण विक्कात ही गोष्ट आली ती 'हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन' या लंडनच्या मंडळाच्या वाटेने. तिथले दीक्षित इजिप्शियन देवांची रूपं मनात रेखून ती स्वतःवर धारण करत. त्याच्याही मागे 'अस्क्लेपियस'मधली मूर्ती उभी आहे. विक्काने तिथे दगडाच्या जागी जिवंत बाईचा देह आणला. हा बदल लहान नाही. माझ्या मते या पंथाने धर्मविचारात घातलेली ही सर्वांत धाडसी भर आहे, आणि ती नीट दिसते ती मूळ उतारा शेजारी ठेवल्यावरच.

गार्डनर यांच्या लिखाणात देवांबद्दल आणखी एक गोष्ट येते. चेटकिणींचे देव सर्वशक्तिमान नाहीत, त्यांना माणसांच्या साथीची गरज लागते. त्या देवांच्याही पलीकडे एखादं आदिकारण असणार, पण ते आपली ओळख देत नसेल तर त्याला ती द्यायची नाही, असं समजावं. वर एक अगम्य, एकमेव तत्त्व. त्याखाली माणसाला भेटू शकणारे, माणसाशी देवाणघेवाण करणारे देव. ही दुमजली रचना शेतकऱ्यांच्या लोकधर्मातून आली, असं म्हणायला पुरावा नाही. हर्मेटिक आणि नवप्लेटोवादी ग्रंथांत मात्र ती पानोपानी आहे.

मग 'सगळे देव म्हणजे एकच देव आणि सगळ्या देवी म्हणजे एकच देवी' हे सूत्र. विक्कांमध्ये ते इतकं रुळलं आहे की अनेकांना ते प्राचीन वचन वाटतं. ते डायॉन फॉर्च्यून यांचं. गोल्डन डॉनच्या एका शाखेत शिकलेल्या या बाईंनी १९३०च्या दशकातल्या आपल्या लिखाणात ते मांडलं, आणि तिथून ते विक्कात उतरलं. 'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति' पाठ असलेला आपला वाचक इथे मान डोलावेल. पण घाई करू नये. फॉर्च्यून यांच्या सूत्रात शेवटी एक उरत नाही, दोन उरतात: एक पुरुष आणि एक स्त्री. त्या दोघांमधल्या ताणातून सगळं घडतं, असं त्यात गृहीत आहे. हा अद्वैताचा मार्ग नव्हे.

या सूत्रावर पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवतांना आज नव्याने भजणाऱ्या, मंडळींमध्येच आज जोरदार आक्षेप घेतले जातात. देव वेगवेगळे आहेत, प्रत्येकाला स्वतःचं नाव, गाव आणि स्वभाव आहे, त्यांना एका देवीचे पैलू म्हणणं हा त्यांचा अपमान आहे, असं कडवे बहुदेववादी म्हणतात. अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या एका जपात इसिस, अस्टार्टी, डायना, हेकटी, डिमीटर, काली, इनाना ही नावं एका दमात म्हटली जातात. त्यांतल्या कालीचं नाव ऐकल्यावर मला आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं पटतं. काली ही आजही कोट्यवधींची आई आहे. तिची देवळं आहेत, नैवेद्य आहेत, तिच्यावर भांडणारे आणि रडणारे भक्त आहेत. तिला पुरातन भूमध्य जगातल्या देवींच्या माळेत एक मणी म्हणून ओवायचं असेल, तर हे कुठल्या दृष्टीतून केलं जातंय ते तरी सांगावं. ती दृष्टी हर्मेटिक आहे. ती एक थोर दृष्टी आहे, पण ती सगळ्या देवींच्या अंगभूत स्वभावाचं वर्णन नाही. 'आम्ही हर्मेटिक नजरेने पाहतो' असं म्हणणाऱ्या विक्काशी कालीचा भक्त बोलू शकतो. 'सगळ्या देवी मुळात अशाच होत्या' असं म्हणणाऱ्याशी बोलणं अवघड होतं.

जादूच्या बाबतीत हर्मेटिक हात आणखी ठळक दिसतो. 'जसं वर तसं खाली' हे वाक्य विक्कांच्या लॉकेटवर, टॅटूंत, वेदीच्या कापडावर सापडतं. ते पाचूची पाटी म्हणून प्रसिद्ध असलेल्या लहानशा मजकुरातून आलं आहे. हा मजकूर आपल्याला प्रथम भेटतो तो आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या एका अरबी ग्रंथात. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला, आणि पुढे आयझॅक न्यूटननेही त्याचं इंग्रजी भाषांतर करून ठेवलं. आकाशातले ग्रह आणि पृथ्वीवरच्या वनस्पती, धातू, रंग, वार यांच्यात अदृश्य नातं आहे आणि ते ओळखून वापरता येतं, हा त्याचा अर्थ लावला गेला. फिचिनोने १४८९ मध्ये ग्रहांचं बळ संगीतातून, सुगंधातून, खाण्यापिण्यातून कसं मिळवावं ते लिहिलं. हाइनरिश कॉर्नेलियस अग्रिप्पाने १५३३ मध्ये पुऱ्या छापल्या गेलेल्या आपल्या तीन भागांच्या ग्रंथात या नात्यांचे तक्तेच्या तक्ते दिले. आज एखादी विक्का स्त्री प्रेमाच्या विधीसाठी शुक्रवार निवडते, हिरवी मेणबत्ती लावते, गुलाब आणि तांबं ठेवते, तेव्हा ती शुक्राचा तोच तक्ता वापरत असते. तिला तो आजीच्या वहीतून आल्यासारखा वाटतो. तो आला अग्रिप्पाकडून.

मधला दुवा पुन्हा गोल्डन डॉनच. १८८८ मध्ये विल्यम विन वेस्टकॉट, मॅकग्रेगर मॅदर्स आणि विल्यम रॉबर्ट वुडमन यांनी लंडनला ते स्थापन केलं. त्यात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने दीक्षा मिळत असे. कवी येट्स त्यात होते, अभिनेत्री फ्लॉरेन्स फार होत्या, जादूसाधक ॲलिस्टर क्रोली १८९८ मध्ये आला. चार दिशांना चार तत्त्वं, त्यांचे रक्षक, पंचकोनी चांदणी हवेत रेखून दिशा बांधणं, कांडी, पेला, खंजीर आणि तबकडी ही चार साधनं, हे सगळं तिथे नेमून दिलेलं होतं. विक्काच्या वेदीवर तीच साधनं आहेत. काळ्या मुठीची सुरी मॅदर्सनेच १८८९ मध्ये इंग्रजीत आणलेल्या 'शलमोनाची किल्ली' या मंत्रग्रंथातून आली. गार्डनर १९४७ मध्ये हेस्टिंग्ज इथे म्हाताऱ्या क्रोलीला भेटले होते, आणि विक्काच्या पहिल्या विधिवहीत क्रोलीचे परिच्छेद जसेच्या तसे होते. १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या व्हॅलिएंट यांनी ते ओळखले आणि गार्डनर यांना तोंडावर विचारलं. मग जमेल तेवढी क्रोलीची भाषा काढून त्यांनी विधी नव्याने लिहिले. एखादा धर्म आपला ग्रंथ उघड्या डोळ्यांनी, दोन माणसांच्या वादातून घडवतो, असं इतक्या जवळून पाहायला क्वचितच मिळतं. ही घटना विक्कांनी लाज वाटून सांगावी, असं मला मुळीच वाटत नाही.

या साखळीत मुंबईचाही एक दुवा आहे. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि त्याच वर्षी 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक इथून सुरू झालं. ते पुढे अड्यारला गेलं. त्या मासिकातून मेरठच्या राम प्रसाद यांनी शिवस्वरोदय या संस्कृत ग्रंथाच्या आधाराने पंचतत्त्वांवर निबंध लिहिले. ते लंडनला पोहोचले आणि गोल्डन डॉनने त्यांतली चिन्हं आपल्या साधनेत घेतली: पृथ्वीचा पिवळा चौकोन, आपाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा लाल त्रिकोण, वायूचं निळं वर्तुळ आणि आकाशाचं गडद अंडाकृती. दीक्षित त्यांवर ध्यान लावत. आजही इंग्रजी विक्का-पुस्तकांत पाचव्या तत्त्वाला 'आकाश' असं संस्कृत नाव दिलेलं सापडतं. केल्टिक अरण्यातून हा शब्द येणं शक्य नव्हतं.

आता माझी एक तक्रार. विक्का आपलं हर्मेटिक मूळ जेव्हा मान्य करतात, तेव्हा बहुतेक वेळा हातात असतं 'किबॅलियन'. हे पुस्तक १९०८ मध्ये शिकागोत 'तीन दीक्षित' या टोपणनावाने निघालं. लेखक विल्यम वॉकर ॲटकिन्सन हा वकील होता, विचारांच्या बळाने आयुष्य घडवता येतं असं मानणाऱ्या अमेरिकेतल्या 'न्यू थॉट' चळवळीतला मोठा लिहिता माणूस. योगी रामचरक या नावाने योगावरची पुस्तकं लिहिणाराही हाच, आणि १९०६ मध्ये 'लॉ ऑफ अट्रॅक्शन' शीर्षकात घेऊन पुस्तक काढणाराही हाच. मुंबई-पुण्याच्या कार्यशाळांत आज जे 'मॅनिफेस्टेशन' शिकवतात, त्याची मुळं याच चळवळीत आहेत. 'किबॅलियन'मध्ये विश्व मन आहे, सगळं कंप पावतं, सगळ्याला दोन टोकं असतात, सगळ्यात स्त्री आणि पुरुष असतो, अशी सात तत्त्वं दिली आहेत. अमेरिकेतल्या सेलम गावच्या लॉरी कॅबट यांनी १९८९ मध्ये आपल्या पुस्तकातून ही सात तत्त्वं चेटकिणींचे नियम म्हणून शिकवली, आणि लाखो वाचकांसाठी तोच हर्मेटिक विचार झाला.

पण 'किबॅलियन'मध्ये एक गोष्ट नाही: भक्ती. जुन्या हर्मेटिक संवादांत गुरुशिष्य बोलता बोलता स्तोत्र म्हणू लागतात. 'अस्क्लेपियस'चा शेवट प्रार्थनेने होतो. सगळे देवळातून बाहेर पडतात, सूर्य मावळताना दक्षिणेकडे तोंड करतात आणि ज्ञान दिल्याबद्दल आभार मानतात. मागतात ते एवढंच की, या ज्ञानाच्या प्रेमात आपण टिकून राहावं. तिथे जादू असलीच तर ती पूजेच्या पदरात आहे. ॲटकिन्सनच्या पुस्तकात उरते फक्त तंत्रविद्या: नियम जाण, मन वळव, हवं ते मिळव. विक्काची जादू या वाटेने गेली की देवी आपोआप अनावश्यक होते. मेणबत्ती, वार, इच्छा आणि फळ एवढंच उरतं. ज्या पंथाचं हृदय देवीला देहात उतरवण्याच्या विधीत आहे, त्याने हे नुकसान का सोसावं?

विक्का म्हणजे हर्मेटिक विचाराची नक्कल, असं मात्र मला म्हणायचं नाही. काही ठिकाणी त्याने आपल्या आजोबांना स्पष्ट नकार दिला आहे. 'पॉइमँड्रेस' या पहिल्या संवादात मरणानंतर आत्मा सात ग्रहकक्षा चढत जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकेक विकार परत करतो: कुठे लोभ, कुठे वासना, कुठे खोटेपणा. शेवटी तो निखळ होऊन देवात मिसळतो. देह इथे सोडून द्यायची गोष्ट आहे. दुसऱ्या एका संवादात तर हे जग दुष्टतेने भरलेलं आहे, असंच म्हटलं आहे. विक्का वर जात नाही. तो खाली उतरवतो. दीक्षेच्या वेळी पायांपासून ओठांपर्यंत पाच ठिकाणी चुंबन घेऊन देहाच्या प्रत्येक भागाला धन्य म्हटलं जातं. ऋतूंचे आठ सण असतात, पीक, हिवाळा, मृत्यू आणि पुनर्जन्म असतात. वर्तुळाचंही तसंच. मंत्रग्रंथांतला मांत्रिक वर्तुळ आखतो ते बोलावलेल्या भुतांपासून स्वतःला वाचवायला. गार्डनर सांगतात की चेटकीण वर्तुळ आखते ते आत उठवलेली शक्ती बाहेर सांडू नये म्हणून. रेघ तीच, पण भीतीची जागा विश्वासाने घेतली आहे. विक्काची खरी प्रतिभा इथे आहे आणि उसनी वंशावळ तीच झाकून टाकते.

'जुना धर्म' या दाव्याने ज्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं त्या माणसांबद्दल बोललं पाहिजे. युरोपातल्या चेटकीण-खटल्यांत अंदाजे चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली. नव्वद लाखांचा आकडा अठराव्या शतकातल्या एका चुकीच्या हिशेबातून आला आणि गार्डनर यांनीही तो वापरला. मेलेली माणसं बहुतांश ख्रिस्ती होती. अमेरिकेतल्या सेलममध्येही १६९२ साली १९ जणांना फाशी दिली. त्यांत ७१ वर्षांची रिबेका नर्स होती, चर्चची सन्मान्य सदस्य. आपण निर्दोष आहोत आणि देव ते जाणतो, हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. चेटकीण असल्याचं कबूल केलं असतं तर जीव वाचण्याची शक्यता होती; सेलममध्ये कबुली देणाऱ्यांना फाशी झाली नाही. खोटं बोलायचं नाही म्हणून ती मेली. तिला आज 'आमच्यातली एक' म्हणणं म्हणजे तिच्या न्यायाधीशांचा आरोप खरा धरणं. स्मृतिदिनाला फुलं जरूर वाहावीत. छळ झालेल्या कोणाशीही सहवेदना ठेवायला त्याच्याशी रक्ताचं नातं लागत नाही.

प्राचीनतेचा दावा एके काळी ढाल म्हणून उपयोगी होता, हे मी मान्य करते. इंग्लंडात १७३५चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर तीन वर्षांनी गार्डनर यांचं पुस्तक आलं, तेव्हा 'आम्ही पूर्वापार आहोत' असं म्हटल्याशिवाय कोणी ऐकून घेतलं नसतं. आज ती परिस्थिती नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने विक्का हा धर्म असल्याचं मान्य केलं. २००७ पासून मृत सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर पंचकोनी चांदणी कोरता येते. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे १३,००० लोकांनी आपला धर्म विक्का आणि ७४,००० लोकांनी पेगन असं लिहिलं. ढाल आता खाली ठेवता येते.

आणि ती ठेवली पाहिजे, कारण तिच्या आड एक जिवंत प्रश्न सडतो आहे. गार्डनर यांच्या परंपरेत शक्ती पुरुषाकडून स्त्रीकडे आणि स्त्रीकडून पुरुषाकडे जाते. दीक्षाही तशीच दिली जाते. पेल्यात सुरी बुडवण्याचा विधी म्हणजे त्या मीलनाचं प्रतीक. मग समलिंगी साधकांनी काय करायचं? ट्रान्स स्त्रियांनी कुठे उभं राहायचं? २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या पँथिआकॉन संमेलनात स्त्रियांपुरत्या ठेवलेल्या एका विधीतून ट्रान्स स्त्रियांना वगळलं गेलं आणि मोठा वाद पेटला. अशा वादांत एक बाजू नेहमी म्हणते: हा निसर्गाचा नियम आहे, आमचा प्राचीन धर्म आहे, तो बदलता येत नाही. दुसऱ्या बाजूला स्टारहॉक या अमेरिकन विक्का-लेखिका आहेत. १९७९च्या 'द स्पायरल डान्स'मध्ये त्यांनी स्त्री-पुरुष ध्रुवांची भाषा वापरली होती. दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत टिपा लिहून त्यांनी ती भाषा सोडून दिली.

दोन ध्रुवांचा हा आग्रह अश्मयुगातून आल्याचा पुरावा नाही. विक्कापर्यंत तो पोहोचला फॉर्च्यून, ॲटकिन्सन आणि गार्डनर यांच्या हातून, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत. आणि मूळ हर्मेटिक ग्रंथ याबाबत त्यांच्यापेक्षा कितीतरी रुंद आहेत. 'पॉइमँड्रेस'मधलं परममन स्त्रीही आहे आणि पुरुषही. पहिला माणूसही तसाच. स्त्री आणि पुरुष वेगळे होतात ते सृष्टिकथेत बऱ्याच उशिरा. 'अस्क्लेपियस'मध्ये शिष्य विचारतो, देव दोन्ही लिंगांचा आहे असं म्हणता का? हर्मीस म्हणतो, हो, आणि केवळ देवच नाही, सजीव आणि निर्जीव सगळंच.

ज्या साधकाला आज कोव्हेनमध्ये, म्हणजे विक्काच्या साधकमंडळात, सांगितलं जातं की तुझ्या देहात देवता उतरू शकत नाही, त्याच्यासाठी उत्तर याच पंथाच्या पणजोबांच्या पोथीत लिहिलेलं आहे. पण ते वाचायला आधी तो पणजोबा आहे हे मान्य करावं लागतं. ब्रायन कोपेनहेव्हर यांचं हर्मेटिक ग्रंथांचं इंग्रजी भाषांतर १९९२ पासून उपलब्ध आहे, 'अस्क्लेपियस' त्यातच आहे. पहिल्या दीक्षेच्या आधीच्या शिकवणीत, 'किबॅलियन' ठेवतात त्या जागी, कोव्हेनांनी ते ठेवावं. सुरुवात मूर्तीत देव उतरवण्याच्या उताऱ्यापासून करावी आणि शिष्याच्या त्या प्रश्नाशी थोडं थांबावं.